इयिमानीकडे दिलेली हाक

कालपासून बाळ हसलं नव्हतं, त्यामुळे मिर्नाला ला पाझ शहर दिसत असूनही दिसत नव्हतं. सासूबाई सेबेरिना तिला हाताला धरून फिरवत होत्या. चौकातली कबुतरं झाली, मोठं चर्च झालं, चढावरचा बाजार झाला. मिर्ना मान डोलवायची आणि लगेच पोटाशी बांधलेल्या बाळाकडे बघायची. ते जागं होतं, पण दुकानाचं दार ओढून घेतल्यासारखं आतल्या आत बसलं होतं.

घडलं होतं ते एवढंच. सून नातवाला घेऊन आसुन्सिऑनहून पहिल्यांदाच आली, म्हणून काल सगळे इयिमानी डोंगराच्या पायथ्याशी गेले होते. वर बर्फ, खाली कुरणं, कुरणात चरणारे लांब मानेचे, लोकरी लामा. तिचा नवरा रेनान म्हणाला, "जवळ उभी राहा, फोटो काढतो." ती उभी राहिली आणि लामा बाळाच्या तोंडावर फुस्सकन थुंकला. बाळ एकदाच किंचाळलं, मग जे गप्प झालं ते झालंच. रात्रभर दोन घोट घ्यायचं आणि तोंड फिरवायचं.

सकाळी डॉक्टरांनी तपासलं. छाती स्वच्छ होती, ताप नव्हता. इथल्या उंचावरच्या विरळ हवेचा त्रास असेल, म्हणाले. संध्याकाळपर्यंत नीट प्यायला लागला नाही तर सरळ खालच्या गावी न्या. रेनान गाडीची सोय करायला गेला. "घरी बसून त्याचं तोंड बघत राहिलीस तर तूच आजारी पडशील," असं म्हणून सेबेरिनांनी सुनेला बाजारात नेलं होतं.

आता ऊन कललं होतं. घरी परतायला दोघी पिवळ्या केबल कारमध्ये बसल्या. केबिनमध्ये गाठोडी घेतलेली एक भाजीवाली होती आणि टोपीवाले एक आजोबा. केबिन वर चढू लागली, तसा दूरवर इयिमानी उघडा पडला.

"पोरी, रागावणार नसशील तर एक सांगू?" सेबेरिना म्हणाल्या.

"सांगा आई. पण धूर-बिर करायचा असेल तर नको."

"धूर कसला. पोरगं घाबरलं, त्याचा जीव तिथं लामापाशीच राहिला, आणि आपण नुसतं अंग उचलून आणलं. डोंगर दिसतोय तोवर त्याला बोलावू दे."

"कालपासून तसाच ठेवलात?" भाजीवाली मध्येच म्हणाली. "माझ्या पोराचा राहिला होता, तर मी त्याच दुपारी परत गेले होते हो."

"सून परदेशची आहे. सपाट मुलूख. तिकडं जीव अडकायला डोंगरच नाही."

मिर्नाला हसूही आलं आणि रडूही. तिनं मानेनंच हो म्हटलं. सेबेरिनांनी बाळाची टोपी काढली, काचेशी धरून हलवली आणि आवाज चढवला, "ये फोर्तुनातो, ये. तिथं बसू नकोस, ये."

बाळानं पापणीसुद्धा हलवली नाही.

"एवढ्याशा पोराचं हे नाव?" आजोबांनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याचं. तो वारला, मग नातवाला ठेवलं."

"मग बाई, नवराच यायचा की."

"आला तर मी पुढच्या स्टेशनला उतरते," सेबेरिना म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "तू घरी काय म्हणतेस त्याला?"

मिर्नाचे कान तापले. आल्यापासून सासूबाईंचं मन दुखू नये म्हणून ती जपून फोर्तुनातोच म्हणत आली होती. "मिताई," ती पुटपुटली. "आमच्याकडं पोराला म्हणतात तसं."

"मग तूच बोलाव."

"मिताई, ये."

"शेजारणीकडं मीठ मागतेस का? डोंगर आहे तो."

मिर्नानं टोपी घेतली. आजोबांनी आपली टोपी काढून मांडीवर ठेवली. "मिताई," तिनं मोकळ्या गळ्यानं हाक दिली, "ये रे माझ्या राजा. आई इथं आहे, ये."

बाळानं मान वळवली. तिच्या ओठांकडं बघत राहिलं. मग त्याचा खालचा ओठ थरथरला आणि त्यानं असं भोकाड पसरलं की केबिन दणाणली. ते भुकेचं रडणं होतं, रागाचं, तिच्या ओळखीचं. तिनं घाईघाईनं त्याला शालीखाली घेतलं. आजोबा खिडकीबाहेर बघू लागले. बाळ पिऊ लागलं, आणि गुटगुट आवाज सगळ्यांना ऐकू आला.

वरच्या स्टेशनात दार उघडलं. "उतरा," कामगार म्हणाला.

"पोरगं पितंय. अजून एक फेरी होऊ दे," भाजीवाली म्हणाली आणि स्वतःही गाठोड्यासकट बसून राहिली. त्यानं आत डोकावून बघितलं आणि हातानंच जा म्हणून खुणावलं.

केबिन पुन्हा खाली निघाली. मिर्नानं मान वर केली. विटांची घरं एकावर एक उतरत गेली होती, गच्च्यांवर कपडे वाळत होते, कुणी पोरं चेंडू खेळत होती. केवढं शहर होतं हे. तिला सणसणून भूक लागली. तिनं रेनानला फोन लावून सांगितलं, गाडी नको.

बाळाच्या कपाळावरचा घाम सेबेरिनांनी बोटानं टिपला.

"मिताईच म्हण त्याला," त्या म्हणाल्या. "फोर्तुनातो मोठेपणी होईल. नाहीतरी आमचा फोर्तुनातो एका हाकेला कधी आला नाही."