चार दिवसांचं माहेर

आमच्या सिएनात आळ्या-आळ्यांमधल्या घोड्यांच्या शर्यतीचे चार दिवस आले की काही संसार चक्क थांबवून ठेवावे लागतात. माझी आळी मेंढ्याच्या निशाणाची, बायकोची शिंपल्याच्या, आणि या दोन आळ्यांचं पिढ्यानपिढ्यांचं हाडवैर. त्यामुळे दर जुलैला फियाम्मेत्ता बॅग भरून बापाकडे जाते. फोन नाही, भेट नाही. शर्यत संपली की परत. चौदा वर्षं हे असंच चाललंय आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

यंदा शर्यतीच्या आदल्या सकाळी माझ्या चामड्याच्या दुकानात सीवर्ट नावाचा एक नॉर्वेचा ताडमाड तरुण आला. पाठीवरच्या सॅकचा पट्टा तुटला होता. एकटाच फिरत होता म्हणे. व्हेनिसला तीन दिवस, फ्लॉरेन्सला दोन, आणि परवा रोम. गळ्यात मात्र शिंपला आळीचा निळा रुमाल.

"हा कुठून पैदा केलात?" मी टाका घालता घालता विचारलं.

"काल त्यांच्या गल्लीत जेवणाची टेबलं मांडली होती. मी नुसता बघत उभा होतो, तर एका बाईनं दंडाला धरून बसवलंच!"

त्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत माझी बायको त्याच्या गळ्यात रुमाल बांधत होती आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. मागे सासरेबुवा त्याच्या खांद्यावर हात टाकून उभे.

"आजपण बोलावलंय," तो म्हणाला. "फार मोकळी माणसं. तुम्ही का नाही येत?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या टेबलावर मला चौदा वर्षांत पाण्याचा घोट मिळाला नव्हता, आणि हा काल आलेला उपरा तिथे मांडी ठोकून बसला! मी पट्ट्याला मुद्दाम वाकडे टाके घातले. मग माझी मलाच लाज वाटली, उसवून पुन्हा शिवला. पण दिवसभर तो फोटो काही डोळ्यांपुढून हलेना. ती माझ्याबरोबर असं शेवटचं कधी हसली होती?

संध्याकाळी मी ते केलं जे आमच्या गावातलं शेंबडं पोरही करणार नाही. आमच्या आळीचं जेवण सोडून, हद्द ओलांडून, थेट त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो.

सासऱ्यांनी काटा खाली ठेवला. फियाम्मेत्ताच्या शेजारी बसलेला सीवर्ट तेवढा खूश झाला. बाकावर सरकत म्हणाला, "अरे वा, आलात! बसा ना, जागा आहे."

माझ्या बायकोशेजारची जागा तो मला देत होता.

फियाम्मेत्ता उठली. "काय काम आहे तुमचं?" घरी ती मला अरे-तुरे करते.

"घरी चल," मी पुटपुटलो.

"आपली ओळख नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. गल्ली खो खो हसली. मी मान खाली घालून परतलो.

दुसऱ्या दिवशी शर्यत दोन्ही आळ्या हरल्या, आणि त्यानंतरच्या सकाळी ती बॅग घेऊन दारात हजर. मी दबा धरूनच बसलो होतो.

"त्या उपऱ्याला मांडीला मांडी लावून बसवतेस, आणि नवऱ्याशी ओळख नाही?"

तिनं शांतपणे चपला काढल्या.

"रानिएरी, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी तुमच्या टेबलापाशी आले होते. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळीच. आईच्या छातीत कळ आली होती आणि गाडीची किल्ली तुझ्या खिशात होती. तेव्हा तू मला काय म्हणालास?"

मी खूप आठवून पाहिलं. शब्द काही आठवेनात. टेबलावरचे सगळे हसले होते, तेवढं मात्र आठवलं.