नॉर्मल बाळंतपण

“बाळंतपण?” समुपदेशक मंजुषाताईंनी किडनीदात्याच्या फॉर्मवरून मान वर न करता विचारलं.

निकिताने तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेली आई म्हणाली, “नॉर्मल. पटकन मोकळी झाली.”

मंजुषाताईंनी फॉर्मवर खूण केली. निकिताला उलटा कागदही वाचता यायचा. लेक आभा जन्मल्यापासून समोर आलेला कागद, बाटलीवरची तारीख, काहीच ती वाचल्याशिवाय सोडत नसे. ‘गरोदरपणातील गुंतागुंत: नाही.’

आई तशी खोटं बोलली नव्हती. पिंपळगावात बाळंतपणं दोनच प्रकारची, नॉर्मल आणि सिझर, आणि निकिताचं सिझर झालं नव्हतं. एवढंच, की आभा आठव्या महिन्यात झाली होती. निकिताचं बीपी एकशे ऐंशीवर गेलं होतं, एका नर्सच्या दोन दिसत होत्या, झटका येऊ नये म्हणून इंजेक्शनं चालू होती. आभा काचेच्या पेटीत आणि ती स्वतः चार दिवस पडदे ओढलेल्या खोलीत. बारशाला मात्र आईने बायकांना कौतुकाने सांगितलं होतं, नॉर्मल झाली म्हणून.

आता बोलावं, असं निकिताला वाटलं. पण याच इमारतीत, दोन मजले वर, हर्षलचं डायलिसिस चालू होतं. सव्वीस वर्षांचा तिचा भाऊ. अंबडच्या कारखान्यातली नोकरी सुटून त्याला सात महिने झाले होते. वडील नाहीत, आईला साखर. निकिताचा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या. धनराजनेही, तिच्या नवऱ्याने, “तुझा भाऊ आहे, मी नाही कसं म्हणू?” असं म्हणून, तिच्याकडे न बघता सही केली होती. राहिलं होतं ते एवढंच.

तिने फॉर्मवरची नजर काढली.

“आजी, तुम्ही जरा बाहेर बसा,” मंजुषाताई म्हणाल्या. “मला यांच्याशी एकट्यांशी बोलायचंय.”

“मी आई हाय तिची.”

“म्हणूनच.”

दार लागलं आणि मंजुषाताईंनी सांगायला घेतलं. एका किडनीवर माणूस चांगला जगतो, बहुतेकांना काही होत नाही. पण दरवर्षी तपासणी, आयुष्यभर. पुढे बीपी वाढू शकतं. राहिलेली किडनी निकामी व्हायची शक्यता कमी, पण ती असते. आणि तुमचं वय अठ्ठावीस. पुढच्या पन्नास वर्षांची खात्री आम्हालाही देता येत नाही. दुसरं मूल हवं असलं तर त्या वेळी बीपीचा त्रास व्हायची शक्यता…

“आणि आधीच झालेला असेल तर?” निकिता म्हणाली.

“काय?”

“बीपीचा त्रास. कुणाला. पहिल्या वेळी.”

मंजुषाताईंनी पेनाला टोपण लावलं. “कुणाला?”

खिडकीखाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची टीं-टीं चालू होती. ती थांबेपर्यंत निकिता थांबली. आभा अजून चपला उलट्या घालते, हे कुठून तरी तिच्या मनात आलं. मग तिने सगळं सांगितलं. आकड्यांसकट. आकडे तिला पाठ होते.

ऐकून झाल्यावर मंजुषाताई म्हणाल्या, “डॉक्टर बघतील, पण मी तुम्हाला आशा लावणार नाही. बाहेर आम्ही कारण सांगत नाही. तब्येतीच्या दृष्टीने दाता म्हणून बसत नाहीत, एवढंच सांगतो. घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.”

बाहेर बाकावर आई पदराने चष्मा पुसत होती.

“झालं?”

“मी सांगितलं त्यांना. आभाच्या वेळचं.”

“त्यांनी विचारलं?”

“नाही.”

आईने चष्मा चढवला. निकिताला आईसाठी ते सोपं करायचं होतं. “तुझ्या लक्षात नसेल राहिलं, आई. सिझर नव्हतं म्हणून तू नॉर्मल म्हणालीस, ते कळलं मला.”

“चार दिवस तुझे सुजलेले पाय मांडीवर घेऊन बसले मी, निके. माझ्या लक्षात नाय राहणार?”

निकिता तिच्या शेजारी बाकावर बसली.

“तू हिंडती-फिरती दिसत होती मला. त्याला जिना चढवत नाय.” आईचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. “काय करू मंग? दोघं माझीच हायेत.”

निकिताला राग यायला हवा होता. आला असता तर बरं झालं असतं. तिला फक्त वाटलं, आपल्याला दोन लेकरं असती, तर आपण काय बोललो असतो कुणास ठाऊक.

चारच्या सुमाराला हर्षल लिफ्टने खाली आला, हातावर कापसाची पट्टी. “काय ताई, पास का नापास?”

“नापास.”

तो हसला. “बरंच झालं. तुझी किडनी बसवली असती तर मीपण दिवसातून चारदा गॅस बंद केला का बघत बसलो असतो.”

“हसू नको रे,” आई म्हणाली.

तो दोघींच्या मध्ये बसला. मग त्याने विचारलं, “शुक्रवारच्या डायलिसिसचा नंबर लावला का?”

“लावते,” म्हणून निकिता उठली. नोंदणीच्या खिडकीपाशी तिच्यापुढे सहा माणसं होती. तिने मागे वळून पाहिलं. हर्षलने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. आईचा हात मात्र त्याच्या डोक्यावर गेला नव्हता; तो तिच्या स्वतःच्या मांडीवर उपडा पडला होता.