केरात केस नाहीत

केरात केस नाहीत, असं मावशींनी मला सांगितलं तेव्हा मी चक्क हसले होते. आमच्या वॉर्डात झाडू मारणाऱ्या मावशी एकदा बोलायला लागल्या की थांबत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं अर्धं बोलणं मी या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडून देते. हेही तसंच सोडलं, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही.

आधी वॉर्डाचं सांगते. हा कॅन्सर झालेल्या मुलांचा वॉर्ड. खाटा चोवीस, मुलं नेहमी तीसच्या वर, म्हणजे काही खाटांवर एकाचं डोकं तिकडे तर दुसऱ्याचं इकडे. मी नर्स आहे, पण गेली दोन वर्षं सुई हातात धरलेली नाही. मोठ्या डॉक्टरांचं संशोधन चालू आहे आणि मी त्याच्या नोंदी करते. जिथे रक्त वेळेवर मिळत नाही आणि तपासणीचं यंत्र महिन्यातले आठ दिवस बंद असतं, अशा ठिकाणी मुलं आजाराने किती दगावतात आणि औषधाच्या त्रासाने किती, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी मी दर आठवड्याला प्रत्येक मुलाचा एक तक्ता भरते. उलटी, तोंड येणं, ताप, केस गळणं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी. प्रत्येक रकान्यात शून्य ते चार. शून्य म्हणजे त्रास नाही, चार म्हणजे जिवावर बेतलं.

त्या तीस मुलांत एक माझी भाची होती. सहा वर्षांची, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. घरात साखरेचा डबा कुठेही लपवा, ही हुडकून काढणार, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. तिला रक्ताचा कॅन्सर झाला. पहिल्या महिन्याच्या औषधांनी आजार रक्तातून दिसेनासा झाला आणि आम्हाला वाटलं, सुटलो. पण हा आजार दडून बसतो. त्याला उखडून काढायला पुढचा टप्पा असतो, दर बुधवारी लाल औषधाचं एक इंजेक्शन, अशी आठ.

पहिल्या दोन लाल इंजेक्शनांनी मुंगीचे हाल कुत्रं खाईना. दिवसातून नऊ-दहा उलट्या. तोंड असं आलं की थुंकी गिळतानाही ती माझा हात चावायची. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वहिनीने पिशवी भरली. भाऊ दूर खाणीत कामाला, त्याचा फोन चार दिवसांनी एकदा लागायचा. निर्णय वहिनीचाच होता.

"मी हिला घरी नेते," ती म्हणाली. "आजाराने जायची ती जाईल, पण निदान माझ्या हातचं दोन घास खाऊन जाईल. इथे तुम्ही तिला उपाशी मारताय."

मी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. घरी नेलेली मुलं परत येत नाहीत, हे माझ्याहून चांगलं कोणाला माहीत? त्यांचे तक्ते मीच बंद करते. शेवटी ती म्हणाली, "एक इंजेक्शन. तसाच त्रास झाला तर मी निघाले, मग तू आडवी पडलीस तरी."

तिसरं इंजेक्शन झालं आणि मुंगीला एकही उलटी झाली नाही.

माझ्या जिवात जीव आला. शुक्रवारी तिने पाव मागितला. रविवारी ती खाटेवरून उतरून शेजारच्या पोराशी भांडली. वहिनीने पिशवी रिकामी करून कपडे पुन्हा खुंटीला लावले. मी तक्त्यात उलटीपुढे शून्य लिहिलं आणि आनंदाने ते दोनदा गिरवलं.

त्याच आठवड्यात वॉर्डात दोन गोष्टी नव्या आल्या होत्या. दारापाशी हात धुवायचं बेसिन बसलं. मोठे डॉक्टर त्यासाठी तीन वर्षं कागद घासत होते. आणि जुना साठा संपला म्हणून लाल औषधाची नवी खोकी आली. बेसिनचा सगळ्यांनी गाजावाजा केला. खोक्यांकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. खोकी काय, येतच असतात.

पाचव्या इंजेक्शनाच्या बुधवारी सकाळी मुंगीने दोन अंडी खाल्ली. दोन! वहिनीने मला ओढत नेऊन टरफलं दाखवली. मी हसत परत येत होते तेवढ्यात मावशींनी सुपली पुढे केली.

"सिस्टर, हे बघा. आठ दिवस झाले, केरात केस नाहीत."

"मग चांगलंच की," मी म्हटलं. "तुमची कंबर वाचली."

"कंबर वाचली हो. पण मी बारा वर्षं इथे झाडू मारते. असं कधी झालं नव्हतं. आणि भांडं धुताना लघवीसुद्धा लाल दिसत नाही हल्ली. पूर्वी इंजेक्शन झालं की दिवसभर लाल असायची."

मी हसले. आणि हसता हसता मनात पाल चुकचुकली, अगदी स्पष्ट. लाल औषध रक्तात गेलं की केस गळतात, पांढऱ्या पेशी घसरतात, लघवी लाल होते. ते औषधाचं कामच आहे. जे आजाराच्या पेशींना मारतं तेच केसांच्या मुळांना मारतं. हे मी शिकाऊ नर्सना स्वतः शिकवलं आहे, फळ्यावर चित्र काढून.

मी जाऊन तक्ते काढायला हवे होते. कपाट दहा पावलांवर होतं. पण मला ती पिशवी दिसत होती, खुंटीवरून उतरलेले कपडे दिसत होते. मी मावशींना म्हटलं, "हात धुण्याचा गुण आहे हो." आणि मूग गिळून बसले.

मग सहावं झालं, सातवं झालं. वॉर्डात पोरांचा असा दंगा सुरू झाला की कोणाला खरं वाटू नये. मोठे डॉक्टर रोज माझ्या टेबलाशी यायचे, शून्यांवरून बोट फिरवायचे. "सिस्टर, हे मी मोठ्या परिषदेत मांडणार. एका बेसिनने काय होतं ते लोकांना कळू दे." ते माणूस म्हणून वाईट नाहीत. तीन वर्षांनी काहीतरी मनासारखं झालं होतं. मुंगीच्या टाळूवर मऊ लव आली. वहिनी तिच्यावरून सारखा हात फिरवायची आणि मला म्हणायची, "बघ, बघ." मला त्या लवेकडे बघवत नसे. मी काहीतरी काम काढून निघून जायची.

आठव्या इंजेक्शनानंतर चार दिवसांनी एक मुलगी परत आली. मुंगीच्या आधी तीन आठवडे तिचा टप्पा संपला होता आणि आम्ही तिला टाळ्या वाजवून घरी पाठवलं होतं. आता तिच्या पायांवर निळे डाग होते. रक्तात आजार परत आलेला. दोन दिवसांनी आणखी एक मूल आलं.

"आजार हट्टी असतो," मोठे डॉक्टर म्हणाले, पण त्यांचा आवाज बसला होता.

त्या दुपारी मी कपाट उघडलं. सगळे तक्ते जमिनीवर मांडले, मुलांप्रमाणे नाही, तारखेप्रमाणे. अमुक बुधवारपर्यंत दोन, तीन, तीन, चार. त्या बुधवारपासून शून्य, शून्य, शून्य. एकाही मुलाला सूट नाही. आणि मागच्या खोलीतली मुलं, जी फक्त दिवसा इंजेक्शनला येतात आणि जिथे बेसिन काय, नळसुद्धा नाही, त्यांचेही शून्य. मी तक्ते गोळा केले आणि मोठ्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर आधी भडकलेच. "हात धुण्याने त्रास कमी होतो, यात नवल काय?"

"सर, हात धुतल्याने ताप कमी होईल. केस गळायचे कसे थांबतील?"

त्यांनी केसांचा रकाना एकेका तक्त्यावर तपासला. मग स्वतः औषधांच्या खोलीत गेले, उरलेली खोकी बाहेर काढून त्यांवर सील लावलं आणि चार बाटल्या तपासणीला पाठवल्या. दुसऱ्या दवाखान्याकडून जुन्या साठ्यातलं औषध उसनं आणलं. परिषदेचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. मला त्यांची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. बाटलीवर जेवढं लिहिलं होतं त्याचा पाचवा हिस्साच औषध आत होतं. बाकी रंग आणि पाणी. आम्ही पोरांना रंग टोचत होतो आणि ती हसत होती.

त्यानंतर दहा दिवसांनी मुंगीच्या हाडातला रस तपासला. आजार परत आला होता.

आता सगळं पहिल्यापासून, आणि दुसऱ्या वेळी आशा निम्म्याहूनही कमी. हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. तिने माझे दोन्ही हात धरले. "तू होतीस म्हणून निदान कळलं," ती म्हणाली. "नाहीतर त्यांनी अजून तेच पाणी टोचलं असतं. सगळी पोरं तुझी ऋणी आहेत." मावशी बाजूला सुपली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि खाली पाहिलं. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल चौकशीचा फॉर्म आला. मोठ्या डॉक्टरांनी तो माझ्यापुढे ठेवला. नववा प्रश्न असा होता: फरक प्रथम कोणाच्या आणि कोणत्या तारखेला लक्षात आला?

"तुमचं नाव लिहा," ते म्हणाले. "तक्ते काढले ती तारीख. कोणी जास्त खोलात जाणार नाही."

वहिनी समोरच्या बाकावर बसली होती, आत मुंगीला नव्या औषधाचं पहिलं इंजेक्शन देऊन झालं होतं. मी पेन उघडलं. मावशींचं नाव लिहिलं. त्यांच्यापुढे पाचव्या इंजेक्शनाच्या बुधवारची तारीख टाकली. त्याखाली लिहिलं: त्यांनी त्याच दिवशी मला सांगितलं. मी कोणाला सांगितलं नाही. मग कागद वहिनीकडे सरकवला.

तिने तो दोनदा वाचला.

"हा तर अंड्यांचा दिवस," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा तुला कळलं होतं?"

"शंका आली होती. वहिनी, तेव्हा बोलले असते तर तू तिला घरी नेलं असतंस."

"ते मी विचारत नाहीये." ती बोटांवर मोजायला लागली. पाचवं, सहावं, सातवं, आठवं. चार बोटं उघडली आणि ती तशीच माझ्यासमोर धरली. "चार उरली होती. चार खरी मिळाली असती तर?"

मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. आतून मुंगीच्या ओकण्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग सलग. वहिनी उठली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बेसिनपाशी थांबून तिने हात धुतले आणि लेकीकडे गेली.

मी तिथेच बसून उलट्या मोजल्या. मग नवा तक्ता ओढला आणि उलटीच्या रकान्यात तीन लिहिलं.