एका घरातल्या दोन चुली

जितेंद्र पेढे घेऊन सक्करदऱ्याच्या घरी आला, तेव्हाच कुसुमताईंच्या मनात पाल चुकचुकली. चुलतभावाचा हा मुलगा एरवी दिवाळीलाही फिरकत नसे.

"आत्या, तुह्यासाठी खजिना आणला!" म्हणत त्याने झेरॉक्स पुढे केली. एकावन्न सालच्या जनगणनेत गावी, कळमेश्वरच्या घरी कोण कोण राहत होतं, त्याची ती नोंद.

कुसुमताईंनी चष्मा पुसला. वडील गोपाळराव, काका चंद्रभान, काकू, त्यांची मुलं. सगळी जणू कागदातून उठून ओसरीवर येऊन बसली. पण आई कुठे?

"हे पाय, खाली. भीमाबाई आन् तू. वेगळी चूल, वेगळं कुटुंब. म्हणजे तुमची तवाच वाटणी झाली होती. वावर आमच्या चंद्रभान आजोबानं मंग घेतलं. त्यात तुहा हिस्सा नाही, एवढं लिहून दे." त्याने दुसरा कागद काढला, पेनही.

"इतकी घाई काहून गा?"

"घाई कुठं? ते गिऱ्हाईक..." त्याने जीभ चावली. "सरकारी रेकॉर्ड आहे वं आत्या. मी थोडीच लिहिलं?"

नोंद खोटी वाटत नव्हती, हेच कुसुमताईंना खुपत होतं. घरात दोन चुली होत्याच. आईने महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला. ज्या चुलीवर मटण शिजे, तिथलं पाणीही ती घेत नसे. मागच्या पडवीत तिने आपली चूल मांडली होती. ज्वारी मात्र एकाच कोठीतली. वडील समोर रस्सा ओरपून मागे येत आणि आईच्या हातची गरम भाकर मागत. आई हसत हसत त्यांना आधी चूळ भरायला लावी. मोजणाऱ्याने चुली पाहिल्या आणि कुटुंबं लिहिली.

"माहा बाप कोणत्या चुलीवर लिहिला आहे?"

"आमच्या आजोबाच्या."

"मंग दोघं भाऊ एका चुलीवर, आन् वाटणी एकट्या माह्या मायनं घेतली? नवऱ्याले तिथंच ठेवून?"

जितेंद्रने पेनाला टोपण लावलं. "वकिलानं तसंच सांगतलं..."

"त्याले सांग, माही माय उपदेशी होती. तिची चूल वेगळी होती, घर नाही."

त्याने झेरॉक्सकडे हात नेला. कुसुमताईंनी त्यावर तळवा ठेवला.

"सहीचा कागद ने. हा राहू दे."

"काहून?"

"मलेही वकील पाहा लागन ना आता!"

तो चहा न घेताच उठला. गाडीपाशी जाऊन कोणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलत राहिला. कुसुमताई खिडकीआडून बघत होत्या. गाडी वळल्यावर त्यांनी दाराला कडी घातली आणि मुलीला, श्वेताला, फोन लावला.

"उद्या सुट्टी काढ. कळमेश्वरले जाचं आहे, तलाठ्याकडं. वावर इकाच्या आंधी."