मी बयाबाईला चावलो

मित्रांनो, माझं नाव काबऱ्या. अंगावर काळेपांढरे ठिपके, डावा कान अर्धा, आणि आता वयामुळे मागचा एक पाय थोडा ओढत चालतो. मी मेंढरं राखणाऱ्या घरातला कुत्रा आहे. दौंड तालुक्यात, खुटबावच्या पुढे कोसभर आमची वस्ती. मला खाली मान घालून बसलेलं पाहिलं की वस्तीतल्या पोरांना वाटतं, हे कुत्रं म्हातारं झालं. तसं नाही. मला लाज वाटते. कशाची, ते आज तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म वाघरीत झाला. वाघर म्हणजे कळपाभोवती लावायचं सुताचं जाळं. माझे डोळे उघडले आणि थोड्याच दिवसांत माझी आई गेली. मला वाढवलं ते बयाबाईने. नवरा गेणबा वारल्यावर साठ मेंढरांचा कळप ती एकटी सांभाळत होती. मेंढीच्या दुधात भाकरी कुस्करून ती मला बोटाने चाटवायची आणि कोकरांच्या मधोमध निजवायची. कुणी हसलं तर म्हणायची, "मेंढराचा वास ह्याच्या अंगात भिनू द्या. मग ह्याला काय सांगाया लागत न्हाई."

खरंच सांगावं लागलं नाही. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा मोठा माळ होता. सकाळी बयाबाई पुढे, मेंढरं मधे आणि मी मागे, अशी आमची रांग माळावर चढायची. माझ्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा होता. एकदा सांजेला ओढ्याकडच्या उसातून बिबट्या आला आणि त्याने एका गाभण मेंढीवर झेप घेतली. मी मधे पडलो. काट्यांमुळे माझी मान वाचली, पण अर्धा कान गेला. बयाबाईने हळद तेलात कालवून माझ्या जखमेवर लावली. पुढे वर्षभर बाजारात, लग्नात, जिथं जाईल तिथं ती सांगायची, "माझा काबऱ्या हुता म्हणून कळप ऱ्हायला." मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

बयाबाईचा मुलगा संपत. त्याची दोन एकर जमीन, थोडा ऊस आणि थोडा कांदा. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा यायची आणि एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की संपत बॅटरी घेऊन पाणी द्यायला जायचा, आणि तो परत येईपर्यंत बयाबाई उंबऱ्यावर बसून राहायची. उसात काय असतं हे तिला ठाऊक होतं. माझा कान तिच्या समोरच होता.

मग एका सकाळी देवळापुढे ग्रामसभा भरली. मीही बयाबाईच्या पायाशी बसलो होतो. सरपंच जयसिंगआप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "माळावर सोलर येतंय. उन्हावर वीज तयार होणार. धूर न्हाई, कोळसा न्हाई. आपल्या मोटारींना सकाळी नवापासून पाचपर्यंत लाईट. रात्रीची पाळी बंद."

सगळ्यांच्या आधी संपतचा हात वर गेला. मागून बयाबाई बोलली, "आप्पा, माझ्या लेकराला रातचं जावं लागू नये, आसं मलाबी वाटतंय. पर मेंढरं कुठं न्यायची?"

"मावशी, ओढ्याच्या बाजूला चराईची पट्टी सोडू. ठरावात लिहून घेतो."

बयाबाईने क्षणभर संपतकडे पाहिलं. मग तिनेही हात वर केला.

पण मोजणी झाली, खांब रोवले गेले, जाळीचं कुंपण आलं आणि पट्टी कुठेच दिसेना. बयाबाई विचारायला गेली तेव्हा जयसिंगआप्पा कुंपणापाशीच उभे होते. ते म्हणाले, "मावशी, नकाशा वरून आला. माझ्या हातात काय ऱ्हायलं न्हाई." बोलताना त्यांनी मान वर केली नाही. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज मला तो अधिकार उरलेला नाही.

मित्रांनो, एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. वीज आली, आणि चांगली आली. संपत दिवसाउजेडी पाणी द्यायला लागला. जेवायच्या वेळेला घरी यायचा, रात्री निवांत झोपायचा. बयाबाईच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. आणि त्याच वर्षी साठ मेंढरांची चौदा झाली. चारायला जागाच नव्हती, बाकीची विकावी लागली. उरलेली चौदा अंगणात दावणीला बांधलेली, आणि बयाबाई बांधाबांधावरून गवत कापून आणायची. राखायला काही नव्हतं, चालायला काही नव्हतं. मी दिवसभर ओट्याखाली पडून असायचो.

भाकरी मला मिळत होती. म्हणजे भुकेने मी घर सोडून गेलो असं म्हणायची सोयही मला नाही. मी रिकामपणाने गेलो.

कुंपणाच्या दाराशी हौशीराम नावाचा पहारेकरी होता. वरवंडचा. दिवसभर एकटाच, बोलायला कुणी नाही. त्याने मला बिस्किट टाकलं. दुसऱ्या दिवशी मटणाची हाडं आणली. आठवडाभरात मी दाराच्या आत झोपायला लागलो. सोलरच्या निळ्या प्लेटांच्या लांबच लांब रांगा आणि त्यांच्याखाली गार सावली. हौशीरामने माझ्या गळ्यातला काट्यांचा पट्टा काढून फेकला आणि लाल नायलॉनचा बांधला. "आता तू आमच्या ड्युटीवर," तो म्हणाला. मला पुन्हा मोठं झाल्यासारखं वाटलं.

दोन दिवस बयाबाई कुंपणापलीकडे येऊन हाक मारत होती. "काबऱ्याऽ, चल रं घरला." मी ऐकलं. कान टवकारले, पण जागचा उठलो नाही. तिसऱ्या दिवशी ती आली नाही.

श्रावणात प्लेटांखाली गवत गुडघाभर वाढलं. मेंढरांना हवं तसंच, कोवळं आणि दाट. बाहेर बांधावर मात्र काही उरलं नव्हतं. एके दिवशी दुपारी ओढ्याच्या बाजूने मेंढरांचा आवाज आला. पुराने तिथली जाळी उचकटली होती आणि त्या फटीतून बयाबाई आपली चौदा मेंढरं घेऊन आत आली होती. त्याच दुपारी मोठे साहेब बघायला येणार होते. हौशीराम घाबरला. काठी आपटत तो धावला, "ए म्हातारे, भाईर हो! माझी नोकरी घालवतीस का?" आणि माझ्याकडे वळून ओरडला, "छू!"

मी सुटलो. समोर कोण आहे हे मला वाऱ्यावरच कळलं होतं. तो वास मी डोळे मिटून ओळखतो. बयाबाई पळाली नाही. ती उलट दोन पावलं पुढे आली, उजवा हात पुढे करून म्हणाली, "काबऱ्या, आरं मी हाय न्हवं."

मी त्या हाताला चावलो.

तिने काठी उगारली असती तर बरं झालं असतं. तिने आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी शेपटी हलत होती, मित्रांनो. तिला पाहिलं की ती हलायची, तशी सवयीने हलत होती. तिने पदर हाताला गुंडाळला, मेंढरं वळवली, फटीतून एकेक बाहेर काढली आणि मागे न बघता निघून गेली. हौशीरामची काठी हातातच राहिली होती. तो पुटपुटला, "मी नुसतं भुंकाया सांगितलं हुतं रं."

त्याने माझ्यापुढे बिस्किटांचा अख्खा पुडा ठेवला. मी तोंड फिरवलं. पण संध्याकाळी मी तो खाल्ला. हेही सांगितलं पाहिजे.

पुढे कानावर आलं की बयाबाई तालुक्याच्या दवाखान्यात सुया घ्यायला जाते, आणि तिची दोन बोटं नीट मिटत नाहीत. हौशीराम याबद्दल कुणाशीच बोलला नाही. मला वाटलं, गावात सगळ्यांना माझं नाव कळलं असणार. दारावरून कुणी गेलं की मी प्लेटांखाली सरकायचो.

गवत कापायचं काम ज्याच्याकडे होतं तो पुन्हा आला नाही. कुणीतरी वरून तणनाशक फवारायला सांगितलं. गवत मेलं, पण उभंच राहिलं, आणि थंडी संपेपर्यंत वाळून काडीसारखं झालं. फाल्गुनातल्या एका दुपारी वायरच्या एका जोडणीत ठिणगी पडली. वाऱ्याने आग रांगेच्या रांग पुढे सरकली. मी काय केलं? मी दाराबाहेर पळालो. आग विझवली ती गावाने. संपत आणि पंधरावीस जण ओली पोती घेऊन कुंपणावरून चढून आत आले. तरी तीन रांगा गेल्या, आणि खालच्या केबली वितळून गेल्या.

सोलर बंद पडलं. नव्या केबली यायला दीड महिना गेला. तोवर शेतीची लाईट पुन्हा रात्रीची झाली. कांदा ऐन पोसायला लागला होता, आणि संपत पुन्हा बॅटरी घेऊन उसाच्या कडेने जायला लागला. हौशीराम डबा खाताना मला सांगायचा, "ती म्हातारी परत उंबऱ्यावर बसाया लागली म्हणं." सांगून झालं की डबा तसाच झाकून ठेवायचा.

केबली बसवायला अंकिता मॅडम आल्या. कासुर्डीची मुलगी, पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेली. त्यांनी जळलेल्या जागेत वाकून वाळकं गवत हातात घेतलं आणि हौशीरामला विचारलं, "इथं आधी कोण चारायचं?"

हौशीरामने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बयाबाई."

दुसऱ्या दिवशी बयाबाई दाराशी आली. मी प्लेटांखालून बघत होतो. तिचा उजवा हात पदराखाली होता.

"आजी, तुमची मेंढरं आत चारली तर गवत वाढणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण आमचे साहेब म्हणतात, जनावरं वायरी खातील, प्लेटांवर चढतील."

बयाबाई हसली. "चढती ती शेळी. मेंढरू खाली मान घालून चरतंय, वर बघत बी न्हाई. वायरी तेवढ्या पायपात घाला आन् हातभर वर बांधा. आन् त्ये औषध मारायचं बंद करा. मेलेलं गवत मेंढरू खात न्हाई, त्ये आगच खाती."

"अजून काही?"

"व्हय. दार माझ्या एकटीसाठी नगं. वस्तीत अजून तीन घरांची मेंढरं हायती. त्यांचं बी नाव लिवा. आन् ह्या बारीला कागद मला वाचून दावा. मागल्या टायमाला मी नुसता हात वर केला हुता."

मॅडमनी तिथंच उभ्या राहून अर्ज लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. बयाबाईने प्रत्येक ओळीला हुंकार दिला आणि डाव्या हाताचा अंगठा उठवला. वरून परवानगी यायला पावसाळा उजाडला. दोनदा कागद परत आला, मॅडमनी दोनदा पुन्हा पाठवला. तोवर नव्या केबली पायपात बसल्या, आणि लाईट पुन्हा दिवसाची झाली.

दार उघडायच्या दिवशी संपत आईबरोबर आला होता. मेंढरं आत शिरली. मला लपायला जागा मिळाली नाही. संपतने मला पाहिलं, माझ्या लाल पट्ट्याकडे पाहिलं, आणि तो जागच्या जागी थांबला.

"आये, ह्यो आपला काबऱ्या न्हवं? ह्यो हितंच असतोय व्हय? म्हंजी तुला चावलं त्ये..." त्याने वाकून दगड उचलला.

दाराशी हौशीरामचा चेहरा पांढरा पडला होता. मी हललो नाही. तो दगड मला हवा होता.

"न्हाई," बयाबाई म्हणाली. "त्ये भटकं हुतं. पिवळं. मी तवाच सांगितलं हुतं की तुला."

"नक्की?"

"माझा हात हाय, मला ठाव न्हाई का? टाक तो दगूड. मेंढरं बुजत्याल."

संपतने दगड टाकला. तेव्हा मला कळलं की सगळ्या गावात माझं नाव कुणालाच माहीत नव्हतं. श्रावणापासून आजवर, सुया घेताना आणि बोटं मिटत नसताना, तिने ते कुणाला सांगितलंच नव्हतं. हौशीराम कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला. मग त्याने डोळे पुसले आणि दाराची दुसरी झडपही उघडली.

बयाबाई मेंढरांमागे माझ्या शेजारून गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मला हाकही मारली नाही. तिने मला वाचवलं, पण परत बोलावलं नाही. तेही बरोबरच आहे.

मित्रांनो, आता ती रोज सकाळी येते. चार घरांची मेंढरं प्लेटांखाली चरतात, वर उन्हावर वीज तयार होते आणि दिवसाच्या पाण्यावर संपतचा कांदा उभा राहतो. हे सगळं पहिल्या दिवशीच होऊ शकलं असतं. कुणीतरी तेव्हा तो कागद तिला वाचून दाखवायला हवा होता.

तुमच्याही गावात उद्या अशी चांगली कामं येतील, आणि ती यायलाच हवीत. ती आली की कुंपण घालण्याआधी त्या जमिनीवर रोज कोण चालत येतं ते बघा, आणि त्यांना नावाने विचारा. आणि कुणी तुम्हाला दारावर उभं केलं, हातात काठी दिली, तर समोरच्याचा चेहरा आधी नीट बघा. मी बघितला होता. ओळखला होता. तरी चावलो. म्हणून ती आत येते तेव्हा मी दारातून उठून बाजूला होतो, आणि सगळी मेंढरं आत जाईपर्यंत उभा राहतो.