सतरा नंबर, राहतं घर

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. निळ्या अंगावर पांढरा सतरा. रंगाऱ्याचा हात हलला, म्हणून माझा सात जरा पुढे वाकलाय, दारात कोण आलंय ते बघितल्यासारखा. कर कार्यालयाच्या कारकुनाने मला या दारावर ठोकलं, तेव्हा तो नुकताच नोकरीला लागला होता. दोन खिळ्यांबरोबर स्वतःचा अंगठाही ठोकून घेतला बिचाऱ्याने.

घर शिंपीकाकांचं. दर रविवारी ते मला ओल्या फडक्याने पुसायचे. नंबर दिसला पाहिजे, नाहीतर माणूस घरी येणार कसा, असं म्हणायचे. आत दिवसभर मशीनचा खडखडाट चाले. मला वाटायचं, हे असंच चालणार. पत्र्याची अक्कल ती केवढी!

मग पाणीपट्टी वाढली, दिवाबत्तीचा कर आला, बसचं भाडं दुप्पट झालं. लोक कपडे शिवून घेईनात. हातातोंडाची गाठ पडेना, तसं एकेका दाराला कुलूप लागलं. शेवटी काकाही मुलीकडे शहरात गेले. मशीन जड, ते इथेच राहिलं. किल्ली समोरच्या बेकरीवाल्या मावशीकडे दिली. पुढच्याच वर्षी काका तिकडे वारले. मला कोणी मुद्दाम सांगितलं नाही. ओट्यावरच्या गप्पांतून कळलं.

आता एक नियम ऐका. गावात तीस राहती घरं असतील, तरच सरकार दर आठवड्याला नर्सबाई पाठवतं. मावशीच्या नवऱ्याच्या पायाला चिघळलेली जखम होती. मलमपट्टी चुकली तर पाय जाईल, असं नर्सबाईंनी स्पष्ट बजावलं होतं. आणि राहती घरं उरली होती सव्वीस.

मोजणी वर्षातून एकदा, दिवेलागणीला व्हायची. मला ठोकणारा तोच कारकून यायचा. तो दार ठोठावत नसे, कारण दार उघडलं की लोक करावरून त्याचं डोकं खात. तो रस्त्यावरूनच उजेडाच्या खिडक्या बघायचा आणि नंबर वहीत लिहायचा.

मावशीने हे बरोबर हेरलं. मोजणीच्या संध्याकाळी ती, किल्ल्या तिच्याकडे ठेवून गेलेल्या चार बंद घरांत दिवे लावू लागली. त्यांचे करही तीच भरायची. त्यापायी पाव थोडा महाग झाला, पण गावात कोणी कुरकुरलं नाही. माझ्या घरात तर रस्त्यावर आवाज जावा म्हणून ती मशीनवर बसून नुसते पाय चालवायची. कापड नाही, दोरा नाही. खरं सांगते, दरवर्षी मला वाटायचं, काका आले. माझे खिळे थरथरायचे. मग दिवा विझायचा आणि घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटायचं.

गेल्या वर्षी त्या दिवशी मावशी तापाने फणफणली होती. तीन घरांत तिने कसेबसे दिवे लावले आणि माझ्या पायरीपाशी येऊन खालीच बसली. किल्ली हातातच राहिली, उठून कुलूप उघडायचं त्राण उरलं नव्हतं. तेवढ्यात कारकून आला. त्याने अंधारी खिडकी बघितली, मग तिच्या हातातली किल्ली.

"भाऊ, आत्ता लावते दिवा," ती म्हणाली.

त्याने वही काखेत धरली.

"वहिनी, काका गेल्याचा कागद माझ्याच टेबलावर आला होता. तो मी खणात ठेवून दिलाय," तो हळूच म्हणाला. "माझ्या लग्नाचा कोट त्यांनी शिवला होता."

त्याने तिच्या हातातून किल्ली घेतली. आत दिवा लागला. मग मशीन सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. तो पायाने मशीन चालवतोय हे मला माहीत होतं, तरी मी काकांचीच वाट बघत राहिले. मावशी दाराला डोकं टेकून रडली. बाहेर येऊन त्याने बाहीने मला पुसलं आणि वहीत लिहिलं, सतरा, राहतं घर.

नर्सबाई अजून येतात. मावशीच्या नवऱ्याचा पाय शाबूत आहे. पण कारकून यंदा निवृत्त होतोय, आणि नवा माणूस दार ठोठावणारा निघाला तर काय, या विचाराने मला भीती वाटते. हल्ली भर दुपारीही आत मशीन टकटकतं. उंदीर असेल, अशी मी स्वतःची समजूत घालते.

मित्रांनो, मी आता गंजले आहे. जाता-येता माझ्यावरची धूळ तेवढी पुसत जा. आणि वही घेऊन आलेल्या कोणी विचारलंच, तर सांगा, शिंपीकाका आत कामात आहेत.