जुना खांब

“पपा, झेंडा गेला, तरी तू त्या खांबाला टोपी का काढतोस?”

एझिल्डाने विचारून टाकलं आणि माडाआड लपलेल्या मैत्रिणींकडे, शेवंती-लिराकडे बघून डोळा मारला. पैज जिंकली. आता आठवडाभर तिचं दप्तर त्या वाहणार.

पोर्तुगीज जाऊन महिना झाला होता. नवा झेंडा शाळेपुढच्या लोखंडी खांबावर फडकत होता. बेतूलच्या जकात कचेरीपुढचा जुना लाकडी खांब नुसताच उभा. तरी कचेरी सुटली की कारकून पपा त्याच्यापुढे थांबायचा, टोपी उचलायचा आणि मगच घरची वाट धरायचा. अख्खं गाव हसत होतं.

पपाने माडाकडे पाहिलं. “या गो, तुम्हीही या. इथं हात लावा. काय लागतं?”

“खाच,” शेवंती म्हणाली.

“शिडाच्या दोराची. ही माझ्या बापाच्या होडीची डोलकाठी. चोरून तांदूळ आणला म्हणून पोर्तुगीजांनी होडी फोडली, डोलकाठी झेंड्यासाठी इथं रोवली. सतरा वर्षं मी बापाला टोपी काढतोय. साहेबाला वाटायचं, झेंड्याला. खूश असायचा बिचारा.”

लिरा खुदकन हसली. एझिल्डाला मात्र घरातल्या टेबलावरचा कागद आठवला. लिस्बनला जायचा अर्ज. फक्त पपाची सही बाकी होती.

जेवणं झाल्यावर मायने तो कागद पुढे सरकवला. “कर आता सही. उद्याची मुदत. नव्या राज्यात कचेरीचं सगळं इंग्रजी. तुझं वळणदार पोर्तुगीज काय जाळ्यातल्या बांगड्यांना वाचून दाखवणार?”

पपाने कागद जवळ ओढला. त्याने टाक दौतीत बुडवला. कागदावर नेला आणि तसाच धरून ठेवला. शाईचा थेंब पडला, पसरला.

“मी लिस्बनला येत नाही,” एझिल्डा म्हणाली. “सोमवारपासून इंग्रजी शाळेत जाणार. तिसरीत बसवतात म्हणे.”

“चौदा वर्षांची घोडी, तिसरीत?” माय म्हणाली.

“बसेन. बाक मोडला तर मोडला. दिवसा शिकेन ते संध्याकाळी पपाला शिकवीन. तो माझ्याहून हुशार आहे, लवकर शिकेल.”

मायने पपाकडे पाहिलं. तो टाक पुसत होता, हळूहळू, फडक्याच्या कोरड्या टोकाने.

“आणि माय,” एझिल्डा म्हणाली, “शाळा सुटली की मी कचेरीवरून येणार. पपाबरोबर. खांबापाशी थांबून.”